प्रस्तावनेतील ‘समाजवादी’ आणि सर्वोच्च न्यायालयाच्या दारातील कामगार

जयपूरच्या टोंक रोडवर गोपालपुरा मोडापाशी वळले की गोपालपुरा बायपास लागतो. स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांनी हा सारा भाग भरलेला आहे. राजस्थानच्या खेड्यापाड्यांतली शेतकऱ्यांची, कामगारांची मुलेमुली पटवारी, शिक्षक, पोलीस शिपाई होण्यासाठी येथे खोल्या घेऊन राहतात. राज्यघटनेच्या अभ्यासात त्यांना एक प्रश्न हमखास पाठ करावा लागतो. प्रस्तावनेत ‘समाजवादी’ हा शब्द कोणत्या दुरुस्तीने आला? उत्तर : बेचाळिसाव्या, सन १९७६. उत्तर बरोबर आले की गुण मिळतो आणि प्रश्न संपतो.

आमच्या मते खरा प्रश्न तेथेच सुरू होतो. त्याच वर्गांच्या दारात बारा-बारा तास उभा राहणारा रखवालदार, वर्ग झाडणारी बाई, वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या स्त्रिया आणि फळ्यासमोर उभे राहून घटना शिकविणारा, पण स्वतः कराराच्या कागदावर जगणारा मास्तर, यांच्यापर्यंत हा शब्द कितपत पोहोचला? आणि जे प्रजासत्ताक स्वतःला समाजवादी म्हणविते, त्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या शब्दाचा अर्थ कामगाराला काय सांगितला?

हा प्रश्न आज काढण्यास कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता देशात लागू झाल्या. जुन्या कायद्यांवर पन्नास-साठ वर्षे घासूनपुसून जे निकाल मिळविले होते, त्यांतले किती टिकतात आणि किती वाहून जातात हे अखेर दिल्लीच्या त्याच इमारतीत ठरणार आहे. तेव्हा त्या दारातून काय मिळते आणि काय मिळत नाही याचा हिशेब भाबडेपणा सोडून, तसाच वैतागही सोडून मांडला पाहिजे.

शब्द आला कोठून

घटना समितीत नोव्हेंबर १९४८ मध्ये प्रा. के. टी. शाह यांनी घटनेत ‘समाजवादी’ हा शब्द घालावा अशी दुरुस्ती सुचविली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. त्यांना समाजवादाचे वावडे होते म्हणून नव्हे. आदल्याच वर्षी, १९४७ साली, ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग व शेती राज्याच्या मालकीची असावी अशी मांडणी केली होती. त्यांचे म्हणणे असे की, समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे. आणि संपत्तीचे केंद्रीकरण होऊ नये, स्त्री-पुरुषांना समान कामास समान वेतन मिळावे ही समाजवादी दिशा मार्गदर्शक तत्त्वांत आधीच आहे. शब्दापेक्षा तरतूद महत्त्वाची, हा बाबासाहेबांचा धडा आमच्या चळवळीने अजून पुरता घेतलेला नाही.

पुढे आणीबाणीत, विरोधी पुढारी तुरुंगात असताना, बेचाळिसावी दुरुस्ती संमत झाली आणि जानेवारी १९७७ पासून प्रस्तावनेत हा शब्द आला. तो काढून टाकावा अशी मागणी करणारे अर्ज अगदी अलीकडे सर्वोच्च न्यायालयात होते. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ते फेटाळले गेले. शब्द राहिला याचा आनंद आम्हांलाही झाला. पण निकाल बारकाईने वाचला तर न्यायालय म्हणते ते एवढेच की, भारतातील समाजवाद म्हणजे कल्याणकारी राज्य व संधीची समानता. खासगी उद्योगाला त्याने आडकाठी होत नाही. म्हणजे पाटी कायम राहिली. दुकानात काय ठेवायचे ते सरकारने ठरवावे!

त्याच महिन्यात, ५ नोव्हेंबर २०२४ रोजी, नऊ न्यायाधीशांच्या पीठाचा दुसरा निकाल आला, आणि तो मुंबईच्या जुन्या इमारतींतून निघालेला होता. उपकर भरणाऱ्या मोडकळीच्या चाळी व इमारती ताब्यात घेऊन त्या भाडेकरूंच्या सहकारी संस्थांना देण्याची तरतूद १९८६ साली म्हाडा कायद्यात आली होती. घरमालक तिच्याविरुद्ध न्यायालयात गेले. समाजाची भौतिक साधने सर्वांच्या हितासाठी वाटली जावीत असे घटनेचा अनुच्छेद ३९ (ख) सांगतो. खासगी मालमत्ताही या साधनांत येते, हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा १९७७ सालचा अर्थ बहुमताने नाकारला. प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाचे साधन नव्हे आणि घटना कोणत्याही एका अर्थशास्त्रीय मताला बांधलेली नाही, असे न्यायालयाने म्हटले. न्यायमूर्ती धुलिया यांनी भिन्न मत नोंदविले. ज्या महिन्यात ‘समाजवादी’ हा शब्द वाचला, त्याच महिन्यात त्याचा एक मोठा आधार गेला.

शब्दाआधीचे आणि नंतरचे निकाल

शब्द निकाल ठरवीत नाही, याचा पुरावा मुंबईच्याच दोन खटल्यांत आहे.

पहिला खटला जे. जे. रुग्णालयाचा. तेथील दोन वॉर्ड नोकरांना कपातीची भरपाई न देता काढून टाकले. सरकारचे म्हणणे पडले की रुग्णालय हा उद्योगच नाही, तेव्हा औद्योगिक विवाद कायदा लागू होत नाही. हॉस्पिटल मजदूर सभेने लढा दिला आणि जानेवारी १९६० मध्ये न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी निकाल दिला की रुग्णालय उद्योग आहे. साताऱ्यात जन्मलेले हे न्यायमूर्ती पुढे सरन्यायाधीश झाले आणि पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षही. तेव्हा प्रस्तावनेत समाजवादाचा उल्लेखही नव्हता. दोन वॉर्ड नोकर, त्यांची युनियन आणि कायद्यातील एक व्याख्या, एवढे भांडवल पुरले.

दुसरा खटला एक्सेल वेअर या मुंबईच्या कपड्यांच्या कारखान्याचा. सुमारे चारशे कामगार. मालकाने कारखाना बंद करण्याची परवानगी मागितली, ती महाराष्ट्र सरकारने नाकारली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगीची ती तरतूदच, कलम २५-ओ, घटनाबाह्य ठरविली. यावेळी ‘समाजवादी’ हा शब्द घटनेत होता आणि न्यायालयाने त्याची दखलही घेतली. पण जोवर खासगी मालकी मान्य आहे तोवर मालकाच्या हिताकडे सर्वस्वी दुर्लक्ष करण्याइतका हा शब्द ताणता येणार नाही, असा त्याचा आशय. पुढे संसदेने तरतूद दुरुस्त करून पुन्हा आणली आणि २००२ साली ती टिकली. म्हणजे कामगाराला वाचविले ते नीट लिहिलेल्या कलमाने.

मधल्या काळात चांगले दिवसही आले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. फेब्रुवारी १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात कृष्ण अय्यरांच्या पीठाने उद्योगाची व्याख्या विस्तारली आणि शाळा, रुग्णालये, क्लब यांतील कामगार छत्राखाली आले. १९८२ साली दिल्ली पोलिसांतील एका ड्रायव्हरच्या खटल्यात ‘समाजवादी’ या शब्दाचा आधार घेऊनच समान कामास समान वेतन मान्य झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नकारा खटल्यात निवृत्तिवेतन हे मालकाचे दान नव्हे, तर केलेल्या सेवेतून आलेला हक्क आहे असे पाच न्यायाधीशांनी सांगितले. आज जुन्या पेन्शनसाठी मोर्चे काढणाऱ्या प्रत्येकाने तो निकाल वाचावा.

१९९१ नंतर वारे फिरले. २००१ साली स्टील अथॉरिटी खटल्यात ठरले की ठेका पद्धतीवर बंदी आली तरी ठेका कामगार आपोआप कायम होत नाही. ऑगस्ट २००३ मध्ये तामिळनाडूच्या संपाच्या खटल्यात संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक असा कोणताच हक्क सरकारी कर्मचाऱ्यांना नाही असे न्यायालय म्हणाले. तेथे सुमारे १ लाख ७० हजार कर्मचारी एका फटकाऱ्यात बडतर्फ झाले होते! एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालाने तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांची कायम होण्याची वाट अरुंद केली. प्रस्तावना तीच, शब्द तोच. बदलले होते ते सरकारचे आर्थिक धोरण, आणि रस्त्यावर कामगार चळवळीचे बळ ओसरले होते.

राजस्थानने दिलेले दोन निकाल

जयपूरकडून पाहताना दोन निकाल विसरून चालणार नाही. दोन्ही कष्टकरी स्त्रियांनी देशाला दिले.

अजमेर जिल्ह्यात दुष्काळी कामावर रस्ता बांधणाऱ्या मजुरांना, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, किमान वेतनापेक्षा कमी मजुरी मिळत होती. दुष्काळी कामांना कामगार कायद्यांतून सूट देणारा १९६४ चा कायदाच राज्याने करून ठेवला होता. तिलोनियाच्या संस्थेतर्फे हा प्रश्न दिल्लीस गेला. जानेवारी १९८३ मध्ये न्यायालयाने निक्षून सांगितले की किमान वेतनाहून कमी दिलेली मजुरी म्हणजे वेठबिगार, आणि भूक लागली म्हणून माणूस कमी मजुरीवर राबायला तयार झाला तर ती त्याची खुशी मानता येणार नाही. महाराष्ट्राने १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमीची खडी फोडणारे हात पाहिले आहेत. या निकालाचे मोल आपल्याकडे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा निकाल विशाखा खटल्याचा. जयपूर जिल्ह्यातील भटेरी गावच्या भंवरीदेवी राज्याच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ होत्या. बालविवाह रोखण्याचे सरकारी काम केले म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. जयपूरच्या सत्र न्यायालयाने १९९५ साली आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मोकळे केले. पण महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक नियम आले. कायदा व्हायला मात्र २०१३ उजाडले. निकाल आणि कायदा यांत सोळा वर्षे गेली, आणि जिच्यामुळे हे घडले ती बाई सरकारच्या लेखी मानधनावरची! अंगणवाडी व आशा भगिनींना हा ‘मानधन’ शब्द चांगलाच ओळखीचा आहे.

जेथे राज्यच समाजवादी होते

आमच्यातील काही जुने साथी म्हणतात, आपल्याकडे समाजवाद नावापुरता आहे म्हणून न्यायालय असे वागते. खऱ्या समाजवादी देशात सर्वोच्च न्यायालय कामगाराचेच असते. या म्हणण्याचीही तपासणी व्हावी.

सोव्हिएत संघात १९३६ च्या घटनेप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाची निवड सुप्रीम सोव्हिएत पाच वर्षांसाठी करीत असे. चीनमध्ये सर्वोच्च लोक न्यायालयाचे अध्यक्ष राष्ट्रीय लोक काँग्रेस निवडते आणि न्यायालय दरवर्षी तिच्यापुढे अहवाल ठेवते. व्हिएतनाममध्येही मुख्य न्यायाधीशाला राष्ट्रीय सभाच निवडते. निवडून आलेल्या सभेला न्यायाधीशांनी जाब द्यावा, ही कल्पना वाईट नाही. आपल्याकडे न्यायाधीशच न्यायाधीश नेमतात, त्याहून ती लोकशाहीला जवळचीही वाटेल. पण सभा आणि पक्ष एकच झाले की न्यायालयाला सत्तेविरुद्ध उभे राहण्यास जागा उरत नाही. चीनचे सर्वोच्च न्यायालय संसदेचा कायदा घटनाबाह्य ठरवू शकत नाही. संपाचा हक्क चीनच्या १९७५ आणि १९७८ च्या घटनेत होता, तो १९८२ च्या घटनेतून काढून टाकला गेला. कामगारांचे राज्य म्हणविणाऱ्या देशात त्याविरुद्ध दाद मागायला न्यायालय नव्हते आणि स्वतंत्र युनियनही नव्हती.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑगस्ट २०२१ मध्ये चीनच्या याच न्यायालयाने श्रम खात्याबरोबर जादा कामाच्या वेळेसंबंधी दहा खटले उदाहरणादाखल प्रसिद्ध केले आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, ही तेथील कंपन्यांची राबणूक बेकायदा असल्याचे बजावले. आपल्याकडे आठवड्याला सत्तर आणि नव्वद तास कामाचे सल्ले उद्योगपती उघडपणे देत असतात. त्यांच्या कानी ही बातमी गेलेली दिसत नाही.

या तुलनेतून आम्ही काढतो तो निष्कर्ष सरळ आहे. न्यायालय स्वतंत्र हवे, कायदा कामगाराचा हवा आणि संघटना दोघांच्याही मागे उभी हवी. तिघांपैकी एक नसले तर उरलेली दोन लंगडतात.

फट शोधणारी संघटना

स्टील अथॉरिटी निकालाने ठेका कामगारांचे दार लोटले, पण एक फट ठेवली. ठेका केवळ कागदोपत्री, मालकाने घेतलेला बुरखा असेल, तर ते पुराव्याने औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध करता येते. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने नेमके तेच केले. महापालिकेचा कचरा उचलणारे, ठेकेदारांच्या नावावर दाखविलेले २,७०० सफाई कामगार. हजेरी कोण घेतो, काम कोण सांगतो, ठेकेदार बदलला तरी माणसे तीच कशी, याचे पुरावे जमवीत संघाने २०१४ साली न्यायाधिकरणाकडून निवाडा मिळविला. महापालिका उच्च न्यायालयात गेली, हरली, दिल्लीस गेली. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कामगारांच्या बाजूने कौल दिला.

तीच गोष्ट उमादेवीची. तो निकाल दाखवून सर्वत्र कायम करण्यास नकार मिळू लागला, तेव्हा एस.टी.च्या सफाई कामगारांची संघटना लढली. वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे ही अनुचित श्रमप्रथा आहे आणि ती रोखण्याचा महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने औद्योगिक न्यायालयास दिलेला अधिकार उमादेवीने काढून घेतलेला नाही, हे ऑगस्ट २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगातील सफाई कामगार स्त्रियांच्या खटल्यात तर न्यायालयानेच खडसावले की उमादेवीचा आधार घेऊन दीर्घकाळ राबलेल्या माणसांना बाहेर काढणे हा त्या निकालाचा गैरवापर आहे.

या लढायांत कोणीही प्रस्तावनेतील शब्दावर विसंबले नाही. मस्टर, गेटपास, वेतनपावती, साक्षीदार आणि एक ठाम कलम यांवर त्या जिंकल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयात जे टिकते त्याचा पाया खालच्या न्यायालयात, बहुधा जेवणाच्या सुटीत वहीत केलेल्या नोंदींनी घातलेला असतो.

आता पुढे

नव्या औद्योगिक संबंध संहितेने हा पायाच हलविला आहे. कपात, ले-ऑफ वा बंदीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. हा प्रयोग प्रथम झाला तो याच जयपुरात. राजस्थान विधानसभेने २०१४ साली तशी दुरुस्ती केली आणि मग देशाने तिचा कित्ता गिरविला. संपासाठी किमान चौदा दिवसांची नोटीस आता प्रत्येक आस्थापनेत लागते, पूर्वी ती सार्वजनिक उपयुक्त सेवांपुरती होती. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून घेतलेली नैमित्तिक रजाही संप धरली जाते. मुदतीच्या नेमणुकीला राजरोस मान्यता मिळाली. धर्मादाय वा समाजसेवी संस्था चालवितात ती कामे उद्योगाच्या व्याख्येबाहेर ठेवली गेली. १९६० साली दोन वॉर्ड नोकरांनी उघडलेले दार अशा संस्थांपुरते पुन्हा लोटले गेले.

गोपालपुऱ्यातील मास्तरांचे काय? शाळा उद्योग असली तरी शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात ठरविले. तिची नोकरी १९७५ साली गेली होती; तेरा वर्षांनी तिला कळले की ती चुकीच्या दारात उभी आहे. नव्या संहितेत पत्रकार व विक्री प्रतिनिधी यांचा नावाने समावेश आहे, शिक्षकांचा नाही. शिकवणी वर्गातील रखवालदार कामगार आणि शिकविणारा कोणीच नाही, ही विसंगती कोणताही न्यायाधीश प्रस्तावना वाचून दूर करणार नाही. ती संसदेने व्याख्येत एक शब्द घालून दूर करावी लागेल, आणि संसद हलेल ती संघटनेच्या रेट्याने. दबाव असला की राज्ये हलतात, हे राजस्थाननेच दाखविले आहे. ॲपवर चालणाऱ्या गिग कामगारांच्या नोंदणीचा व कल्याणाचा देशातला पहिला कायदा २०२३ साली याच विधानसभेने केला.

म्हणून आम्ही सर्व संलग्न संघटनांपुढे चार गोष्टी ठेवतो. एक, शिक्षकांचा ‘कामगार’ या व्याख्येत समावेश आणि तीनशेची मर्यादा रद्द करणे, या मागण्या प्रत्येक खासदारापुढे लेखी न्याव्यात. दोन, वर्षानुवर्षे बदली वा हंगामी ठेवणे ही अनुचित श्रमप्रथा नव्या संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही कायम आहे. मुदतीच्या नेमणुका एकामागून एक देऊन ती टाळली जाते तेथे लगेच तक्रार दाखल करावी. तीन, प्रत्येक शाखेने ठेका कामगारांच्या हजेरीच्या, पगाराच्या व कामाच्या हुकुमांच्या नोंदी आजपासून ठेवाव्यात. पाच वर्षांनी पुरावा शोधू गेल्यास मिळत नाही. चार, सर्वोच्च न्यायालयात जाणारा खटला एकेका युनियनने घाईने नेऊ नये. एका दुबळ्या खटल्यातून आलेला वाईट निकाल साऱ्या देशाच्या कामगारांना बांधून टाकतो. कोणता खटला, कोणते पुरावे, कोणती वेळ, हे महासंघाने एकत्र बसून ठरवावे.

‘समाजवादी’ हा शब्द प्रस्तावनेत राहिला आहे, राहू द्या. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना तो एक गुण देतो. कामगाराला त्याचा अर्थ मिळवावा लागतो आणि तो कलमाकलमाने, पुराव्याने आणि एकजुटीनेच मिळतो.